खेकड्याच्या कालवणाशेजारी काय वाढावे?

मृगाचे पहिले पाऊस पडले की शहापूरहून शेणव्यामार्गे किन्हवली, सरळगाव आणि पुढे मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला खेकडे विकायला येतात. रात्री ओढ्याकाठी आणि बांधांवर बॅटरीच्या उजेडात धरलेले हे खेकडे सकाळी दोरीने बांधून विकायला मांडले जातात. विकणाऱ्या बहुतेक कातकरी आणि ठाकर समाजातल्या बायका असतात. समुद्रातल्या शेवंडीला मोठ्या हॉटेलात जो मान असतो, तोच पावसाळ्यातल्या या खेकड्याला या दोन तालुक्यांत आहे. पाहुणा आला, जावई आला की खेकड्याचे कालवण ठरलेलेच. अलीकडे माळशेजकडे जाणारे पर्यटक आणि शेतघरांवर शनिवार-रविवार घालवणारी मंडळीही वाट वाकडी करून खेकडे घेऊ लागली आहेत.

खेकडा कसा करावा, मसाला कोणता घालावा, यावर घरोघरी मते असतात. ताटात त्याच्या शेजारी काय वाढावे आणि पेल्यात काय असावे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. खेकड्याचे जेवण अंगी लागणार की बाधणार, हे बऱ्याच अंशी त्याच्या सोबत्यांवरच ठरते.

खेकडा ‘रक्त वाढवतो’ का?

अंगात रक्त कमी असलेल्या बाईला, बाळंतिणीला किंवा आजारातून उठलेल्या माणसाला खेकड्याचे पाणी देण्याची पद्धत जुनी आहे. खेकड्यात प्रथिने उत्तम असतात, यात शंका नाही. समुद्री खेकड्याच्या १०० ग्रॅम शिजवलेल्या गरात साधारण १८ ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी एका ग्रॅमहूनही कमी असते. ब-१२ जीवनसत्त्व तर एका दिवसाची गरज भागून उरेल इतके मिळते. नदीतला खेकडाही याच जातकुळीतला.

लोहाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन लोहावर चालते. खेकड्याच्या रक्तात त्या जागी हिमोसायनिन असते आणि ते तांब्यावर चालते. म्हणूनच खेकड्याचे रक्त लाल न दिसता निळसर दिसते. १०० ग्रॅम गरात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते. त्यातून एका खेकड्याच्या वजनात कवचच जास्त, गर थोडा. तेव्हा नुसत्या खेकड्याच्या पाण्याने रक्त वाढेल, ही अपेक्षा फार मोठी आहे.

तरीही जुन्या पद्धतीत तथ्य नाही असे नाही. भाकरी, भाजी आणि डाळीतले लोह आतड्यात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात मांस-मासे असले, तर हे वनस्पतींतले लोह शोषून घेण्याचे प्रमाण वाढते. आंबट पदार्थही हेच काम करतात. म्हणजे मांसाहाराचा मोठा उपयोग शेजारच्या भाकरीतले आणि पालेभाजीतले लोह अंगी लावण्यासाठी होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा वेळी ताटातल्या जोड्या नीट लावणे ही नुसती चवीची बाब उरत नाही.

भाकरी तांदळाची की नाचणीची?

भाताचा मुलूख असल्याने इथे खेकड्यासोबत भात आणि तांदळाची भाकरी ही नेहमीची जोडी. रस्सा ओरपायला ती सोयीची आहेच. पण डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पिकणारी नाचणी आणि वरई ही देखील याच मातीतली धान्ये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, ४.६ मिलिग्रॅम लोह आणि ११ ग्रॅम तंतू असतात. सडलेल्या पांढऱ्या तांदळात हेच आकडे अनुक्रमे सुमारे ७.५ मिलिग्रॅम, ०.६५ मिलिग्रॅम आणि २.८ ग्रॅम असे आहेत.

नाचणीत फायटेट नावाचा घटक असतो आणि तो लोहाला धरून ठेवतो. नाचणीच्या भाकरीसोबत खेकडा आणि काहीतरी आंबट असले, तर ही पकड ढिली पडायला मदत होते. मधुमेह असलेल्यांसाठीही भाताचा ढीग कमी करून एक नाचणीची भाकरी घेणे बरे. खेकडा फोडून खाताना वेळ जातो, गप्पा रंगतात आणि रश्श्याबरोबर भात किती गेला याचे भान राहत नाही. तेव्हा भाकरी मोजून घ्यावी आणि भात शेवटी थोडा वाढून घ्यावा.

कोशिंबिरीला सांभाळा

सोबतीला कच्चा कांदा, काकडी, लिंबू हवेच. पण या जेवणातला सर्वांत नकळत होणारा घोटाळा इथेच होतो. खेकड्याचे मोठे डेंगे कालवणात टाकतात, तर बारीक पाय पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटून, गाळून त्याचे पाणी रश्श्यात घालतात. रश्श्याला दाटपणा आणि चव येते ती याच पाण्याने. पण उकळी फुटेपर्यंत हे पाणी कच्चेच असते. त्याच विळीवर मग कांदा चिरला, त्याच भांड्यात चटणी वाटली, तर कच्च्या खेकड्यातले जंतू आणि कृमी न शिजवलेल्या पदार्थात जातात. कालवण कितीही उकळले तरी कोशिंबीर कोणी उकळत नाही.

उपाय सोपा आहे. कांदा-काकडी चिरणे आणि चटणी वाटणे आधी उरकावे, खेकडे मागाहून साफ करावेत. मिक्सरचे भांडे, गाळणी, विळी आणि हात साबणाने धुवावेत. वाटलेले पाणी रश्श्यात घातल्यावर सगळ्या कालवणाला पुन्हा खळखळून उकळी येऊ द्यावी आणि त्यानंतरही ते १५ ते २० मिनिटे शिजवावे.

निखाऱ्यावरचा खेकडा आणि फुप्फुसातला कृमी

हा सगळा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर पॅरागोनिमस या चपट्या कृमीत आहे. हा कृमी आधी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो, मग खेकड्यात शिरतो आणि खेकडा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला तर माणसाच्या आतड्यातून वाट काढत फुप्फुसात जाऊन बसतो. महिनोन्‌महिने खोकला, छातीत दुखणे, थुंकीतून गंजाच्या रंगाचे रक्त पडणे ही त्याची लक्षणे. ती क्षयरोगासारखीच असल्याने निदान चुकते. भारतात या रोगाचे रुग्ण मुख्यतः मणिपूर, नागालँड, अरुणाचल या ईशान्येच्या राज्यांत आढळले आहेत. त्यांतल्या कित्येकांवर आधी क्षयाचे उपचार झाले होते. क्षयाच्या औषधांनी हा कृमी मरत नाही. थुंकीच्या तपासणीत त्याची अंडी दिसली की प्राझिक्वांटेल या औषधाने दोन-तीन दिवसांत उपचार होतात. अर्थात ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. खोकला हटत नसेल आणि क्षयाची तपासणी वारंवार नकारात्मक येत असेल, तर आपण गोड्या पाण्यातला खेकडा खाल्ला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शेतावर, ओढ्याकाठी पोरे खेकडे निखाऱ्यावर भाजून खातात. पर्यटकांनाही शेकोटीवरच्या खेकड्याचे अप्रूप असते. खेकडा लाल झाला म्हणजे शिजला, ही समजूत इथे फसवते. खेकड्याच्या कवचात अ‍ॅस्टाझॅन्थिन हे लाल-केशरी रंगद्रव्य मुळातच असते. ते प्रथिनाला बांधलेले असल्याने झाकलेले राहते. आचेने प्रथिन विस्कटले की लाल रंग मोकळा होतो. शेवंड आणि कोळंबी शिजल्यावर लाल होतात त्याही याच कारणाने. पण निखाऱ्यावर ही आच आधी कवचाला लागते. कवच लाल होऊन काळे पडू लागले, तरी डेंग्याच्या सांध्यातला आणि छातीतला गर कच्चा राहू शकतो. कृमी मरण्यासाठी गराच्या आतपर्यंत किमान ६३ अंश सेल्सिअस तापमान पोहोचायला हवे. म्हणून भाजायचाच असेल तर खेकडा आधी पाण्यात उकळून घ्यावा आणि मग धुराच्या चवीपुरता निखाऱ्यावर ठेवावा.

‘सोबत दारू घेतली की पोटातले जंतू मरतात’ हे तर साफ खोटे. चीनमध्ये खेकडे दारूत मुरवून आणि कोरियात सोया सॉसमध्ये मुरवून कच्चे खाण्याची पद्धत आहे. अशा खेकड्यांतूनही या कृमीची लागण झालेली आहे. मीठ, लिंबू, व्हिनेगर किंवा दारू यांपैकी कशाचाही भरवसा धरता येत नाही. भरवसा फक्त उकळीचा.

रानभाज्यांची जोड

खेकडे आणि रानभाज्या एकाच पावसात येतात. टाकळा, कुर्डू, कवळा, भारंगी, करटोली यांतली एखादी भाजी खेकड्याशेजारी असली की तंतू, लोह आणि जीवनसत्त्वांची बाजू भरून निघते. ती कमी तेलात, लसणाची फोडणी देऊन केलेली असावी. कालवणात आधीच तेल आणि वाटण असते.

पावसाच्या तोंडावर येणारे शेवळे या भागाचे खास. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि भाजी नीट केली नाही तर घसा खाजतो. म्हणूनच शेवळे विकणाऱ्या बायका सोबत आंबट काकडे देतात. काकडांचा रस किंवा चिंच घालून भाजी भरपूर शिजवली की खाज जाते. ज्यांना वारंवार मुतखडा होतो, त्यांनी मात्र शेवळ्यापासून दूरच राहावे.

पापड, लोणचे, सुकटाची चटणी यांनी ताट सजते खरे, पण मीठही वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे एक लहान चमचा. रक्तदाब असलेल्यांनी यांतला एखादाच पदार्थ घ्यावा.

आंबट, दूध आणि फिरते निरोप

खेकड्यासोबत आमसुलाचे सार किंवा सोलकढी उत्तम. आंबटाने लोह शोषायला मदत होते आणि तिखटाची धगही निवते. फक्त कालवणात नारळाचे वाटण असेल तर सोलकढीत पुन्हा नारळाचे दूध घालण्याऐवजी आमसुलाचे पातळ सार करावे, म्हणजे तीच ती चरबी दुप्पट होत नाही. नारळाच्या दुधाची सोलकढी पावसाळी दमट हवेत लवकर बिघडते. ती त्या त्या जेवणापुरतीच करावी.

लिंबाबद्दल एक निरोप मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरतो. कोळंबी-खेकड्यावर लिंबू पिळले की त्यातल्या आर्सेनिकचे विष होते, असे त्यात म्हटलेले असते. कवचवाल्या प्राण्यांतले आर्सेनिक मुख्यतः आर्सेनोबिटेन या निरुपद्रवी रूपात असते आणि ते लघवीवाटे निघून जाते. लिंबाच्या फोडीने त्याचे विष होत नाही. लिंबू खुशाल पिळावे.

खेकडा खाऊन दूध प्यायले की अंगावर कोड उठते, ही समजूतही अशीच. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच त्वचेतील रंगपेशींवर हल्ला केल्याने होणारा विकार आहे. मासे-दुधाने तो होतो याला वैद्यकीय आधार नाही. ज्याला हे मिश्रण आवडत नाही त्याने ते टाळावे. पण कोड असलेल्या माणसाला ‘काय खाल्लेस?’ असे विचारून दोषी ठरवू नये.

पेल्यात काय?

पाणी आणि साधे ताक हे पहिले पर्याय. पावसाळ्यात पाणी उकळून गार केलेले असावे आणि ताकही त्याच पाण्याचे. खेकड्याचा चिकट हात माठात बुडवण्याऐवजी ओगराळे वापरावे.

बिअर आणि खेकडा ही जोडी शेतघरांवर लोकप्रिय आहे. ज्यांचे युरिक अ‍ॅसिड वाढलेले असते, ज्यांचा पायाचा अंगठा रात्री अचानक सुजून ठणकतो, त्यांना मात्र ही जोडी महागात पडते. मासे-खेकड्यांतल्या प्युरीनचे शरीरात युरिक अ‍ॅसिड होते. बिअरमध्येही प्युरीन असते, शिवाय मद्यामुळे युरिक अ‍ॅसिड बाहेर पडण्याचे काम मंदावते. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांची १२ वर्षे पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, सर्वाधिक मासे-कोळंबी खाणाऱ्या गटात या विकाराचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ५१ टक्के जास्त आढळला. रोजच्या एका बिअरमागे तो ४९ टक्के, तर तेवढ्याच प्रमाणातल्या कडक दारूमागे १५ टक्के वाढलेला दिसला.

‘मग मुलांसारखे आपणही शीतपेय घेऊ’ हा त्यावरचा उपाय नव्हे. याच पुरुषांच्या २००८ सालच्या अभ्यासात, दिवसाला दोन किंवा अधिक गोड शीतपेये पिणाऱ्यांमध्ये हा धोका महिन्यातून एकदाही ती न पिणाऱ्यांपेक्षा ८५ टक्के अधिक होता. साखरेतल्या फ्रुक्टोजनेही युरिक अ‍ॅसिड वाढते. शीतपेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच चमचे साखर असते, हे मुलांच्या बाबतीतही लक्षात ठेवायला हवे.

उरला जेवणानंतरचा चहा. ज्या घरात बायकांना रक्तक्षय आहे, तिथे खरे नुकसान बिअरपेक्षा या कपाने होते, कारण तो रोजचा असतो. चहातले टॅनिन लोहाला बांधून टाकते. १९८३ साली झालेल्या एका प्रयोगात जेवणासोबतच्या एका कप चहाने लोहाचे शोषण ६४ टक्क्यांनी घटले होते. नाचणी, पालेभाजी, खेकडा, आमसूल असे सगळे जमवून आणायचे आणि हात धुतल्याबरोबर चहा प्यायचा, म्हणजे कमावलेले घालवायचे. चहा आणि जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे.

कोणी जपावे?

काहींना खेकडा, कोळंबी, शेवंड यांची अ‍ॅलर्जी असते. ती होते ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे. हे प्रथिन शिजवल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे ‘गर नको, नुसता रस्सा घे’ हा आग्रह धोक्याचा. खाल्ल्यावर तोंड खाजणे, अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे, चक्कर येणे यांतले काही झाले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. मद्य, काही वेदनाशामक गोळ्या आणि जेवणानंतरची धावपळ यांनी ही प्रतिक्रिया आणखी तीव्र होऊ शकते. एरवी थोडक्यात निभावणारा त्रास दारूच्या बैठकीत जिवावर बेतू शकतो तो यामुळे.

घेताना पाहून घ्या

खेकडा जिवंत आणि चपळ असावा. मेलेल्या खेकड्याचा गर फार लवकर बिघडतो. भातखाचरांच्या बांधांना बिळे पाडणाऱ्या आणि कोवळी रोपे कुरतडणाऱ्या खेकड्यांना मारण्यासाठी बिळांच्या तोंडाशी विषारी आमिष ठेवले जाते. पूर्वी यासाठी फोरेटचे दाणेही सर्रास वापरत. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात फोरेटवर बंदी आहे. आमिषाजवळचा, सुस्त पडलेला खेकडा कालवणात जाऊ नये. विष उकळीने निघून जाईल, असे धरून चालू नये. घेताना खेकडे ओढ्यातले की खाचरातले, हे विचारावे.

पोटाखालचा पदर रुंद असलेली ती मादी. समुद्री खेकड्यांची पिले आधी अळीच्या रूपात पाण्यात तरंगत वाढतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचे तसे नसते. त्यांच्या अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो आणि काही काळ आईच्या पदराखालीच राहतो. अंडी-पिले असलेली एक मादी शिजली की त्या ओढ्यातली पुढची पिढीच गेली. अशी मादी धरणाऱ्याने सोडावी आणि घेणाऱ्याने नाकारावी. काळू, भातसा, शाई या नद्यांच्या ओढ्यांत पुढच्या मृगालाही खेकडे मिळायला हवे असतील, तर एवढे करणे अवघड नाही.

थोडक्यात, एका माणसाच्या ताटात दोन-तीन नीट शिजलेले खेकडे, एक नाचणीची भाकरी आणि मूठभर भात, कमी तेलातली रानभाजी, आधी चिरून ठेवलेला कांदा आणि लिंबाची फोड, वाटीभर आमसुलाचे सार आणि उकळून गार केलेले पाणी. यात बाहेरून आणायचे फारसे काही नाही. शेणव्याच्या परिसरातल्या जुन्या स्वयंपाकघरांत यातले बहुतेक सगळे होतेच. चहाचा कप तेवढा तासाभराने घ्यावा.